एक्केचाळीस ग्रॅम

ग्राहकाला फोनवर ताटकळत ठेवताना वाजवतात ती धून एक मिनिट बावन्न सेकंदांची होती. हे कुणाला ठाऊक असायचं काही कारण नाही. पण तीन आठवड्यांत तिने ती इतक्यांदा ऐकली होती की एकदा कंटाळून चक्क घड्याळ लावलं. शेवटच्या चार सेकंदांत सूर वर चढायचे, आता कुणीतरी बोलणार असं वाटायचं, आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात बसली होती. डबा मांडीवर उघडा होता आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. तिच्यासमोर तिसऱ्या पायरीवर बिलाचा कागद होता, घडीवर फाटायला आलेला. त्यात आई, बाबा आणि ती अशा तिघांचे नंबर होते आणि बिल तिच्या नावावर होतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम यायची. या महिन्यात त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘विमा उतरवलेले उपकरण परत न केल्याचा आकार’. त्या एका ओळीत तिचा अर्धा पगार होता.

गोष्ट साधी होती, म्हणूनच ती पुन्हापुन्हा सांगताना जीव मेटाकुटीला येत होता. बाबांचा फोन हातातून पडला, काच फुटली. विमा होता. कंपनीने त्याच जातीचा दुसरा फोन पाठवला आणि सोबत एक रिकामं खोकं. जुना फोन त्या खोक्यात घालून पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर नव्याची पूर्ण किंमत भरा. बाबांनी सातव्या दिवशी खोकं कुरिअरच्या दुकानात नेऊन दिलं. पावती होती. तरी आकार लागला.

शुक्रवार ही शेवटची तारीख होती. तोवर पैसे भरले नाहीत तर तिन्ही नंबर बंद. पंधरा दिवस बंद राहिला की नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकतात. आणि भरले, तर भरणं म्हणजे आकार मान्य करणं. मग तक्रार आपोआप निकालात निघते. हे तिला दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा कळलं होतं.

आईचा आणि तिचा नंबर गेला असता तर चार दिवस चिडचिड झाली असती, एवढंच. बाबांचं तसं नव्हतं. बाबा कानाची मशीनं दुरुस्त करायचे. घरातल्याच पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. त्यांची गिऱ्हाइकं सत्तरी-ऐंशीची, आणि अठरा वर्षं तो एकच नंबर त्यांच्या वह्यांत, कपाटाच्या दारांवर, औषधांच्या डब्यांवर लिहिलेला. मशीन बिघडलं की ती माणसं ठार बहिरी. शेजारच्याला तो नंबर दाखवून फोन लावायला सांगायची. पलीकडून कुणी परका बोलला असता, तर त्यांना ते ऐकूही आलं नसतं.

धून मध्येच तुटली.

“नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

तिने सगळं सांगितलं. आता ते पाठ झालं होतं, पाढ्यासारखं. आजवर प्रत्येकाने एकच उत्तर दिलं होतं: उपकरण मिळालेलं नाही. पण ही बाई नवी असावी, किंवा सोमवारी तिच्याकडे वेळ असावा. कळफलकाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“मॅडम, मिळालंय.”

तिचा घास हातातच राहिला. “काय?”

“मिळालंय, पण अपूर्ण. म्हणून सिस्टीममध्ये ‘परत नाही’ असंच पडतं.”

“अपूर्ण म्हणजे? काय नाहीये त्यात?”

“ते मला इथे दिसत नाही.”

“कुणाला दिसतं?”

“गोदामाला.”

“मग गोदामाला फोन द्या ना.”

“गोदामाला फोन नाहीये, मॅडम,” बाई म्हणाली. आपण काय बोललो हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती क्षणभर थांबली आणि मग घाईने म्हणाली, “आपल्या तक्रारीत आपण ‘सर्व भागांसह परत केले’ असं लिहिलंय. ते कायम ठेवायचं ना?”

“अर्थात.”

मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती कुरिअरच्या दुकानात गेली. कागदी खोक्यांच्या भिंती आणि मधून माणूस आडवा जाईल एवढी वाट. गल्ल्यावरच्या माणसाचा चष्मा कपाळावर होता आणि तो त्याला टेबलावर शोधत होता.

“वर आहे,” ती म्हणाली.

“देव भलं करो. सकाळपासून तिसऱ्यांदा.” त्याने पावती डोळ्यांजवळ नेली. “पोचलंय हे. सही आहे. आता काय?”

“ते म्हणतात आतलं काहीतरी गायब आहे.”

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. “ताई, आमच्याकडे खोकं उघडत नाहीत. गेल्या वर्षी एकाचं घड्याळ गेलं. कुणी घेतलं ते आजवर कळलं नाही, पण माझ्या पगारातून चार महिने कापले. कारण पावतीवर सही माझी.” त्याने चष्मा पुसला. “तेव्हापासून मी प्रत्येक खोक्याचं वजन वहीत लिहितो. कुणी सांगितलं नाही. माझं मीच.”

“वजन?” ती पुढे झुकली. “दाखवता?”

वहीत तिच्या बाबांचं खोकं सापडायला दहा मिनिटं लागली. दोनशे चाळीस ग्रॅम. त्याने काटाही दाखवला. तिने खिशातली दोन नाणी ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून पाहिलं. आकडा दोन-दोनने सरकत होता.

“दोन ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो,” ती म्हणाली.

“ताई, तुम्ही सोनाराकडे कामाला आहात का?”

“पाण्याकडे.”

“पाण्याचं काय वजन करायचं?” तो हसला आणि वहीच्या पानाचा फोटो काढायला दिला.

घरात तिला लहानपणापासून ‘काटा’ म्हणत. आमटीत ‘थोडं’ मीठ घाल म्हटलं की थोडं म्हणजे किती, असं विचारणारी पोर. तेव्हा बुधवारी तिने जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. नवा फोन ज्यातून आला ते खोकं घरात होतं आणि परतीचं खोकंही अगदी तसंच होतं. ते तिने कामावर नेलं. फेसाचा साचा, चिकटपट्टी, सगळ्यासकट प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवलं. एकशे तेरा ग्रॅम. फोनचं वजन कंपनीच्याच माहितीपत्रकात होतं: एकशे अडुसष्ट. बेरीज दोनशे एक्क्याऐंशी. वहीत दोनशे चाळीस.

“काय गं, नमुना कसला आहे हा?” शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं.

“माझ्या डोक्याचा.”

“मग रिकामाच भरणार.”

ती हसली, पण डोळे आकड्यावर होते. एक्केचाळीस ग्रॅम कमी. काचेचे तुकडे सांडले म्हणावं तर एक-दोन ग्रॅम. फोनमध्ये एक्केचाळीस ग्रॅमची वस्तू एकच असते. आणि ती वस्तू गोदामात गेली नव्हती, वाटेतही गेली नव्हती. चष्मेवाल्याने खोकं काट्यावर ठेवलं तेव्हाच ती आत नव्हती.

तीन आठवडे ती हा पुरावा शोधत होती. आता सापडला होता, आणि तो तिच्याच घराकडे बोट दाखवत होता. खोकं बाबांनी भरलं होतं आणि बाबांनीच नेलं होतं.

संध्याकाळी बाबा टेबलापाशी होते. डोळ्याला भिंग लावलेलं, समोर मनुक्याएवढं मशीन. तिने चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

“बाबा, जुन्या फोनची बॅटरी कुठंय?”

“गच्चीत,” बाबा मान वर न करता म्हणाले. “पत्र्याच्या डब्यात, वाळूत. हात लावू नकोस.”

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं.

“तुम्ही काढलीत?”

“फुगली होती. फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा. पाठ सपाट राहिली नव्हती. असली बॅटरी खोक्यात कोंबून पाठवायची? कुठे गाडीत दाबली गेली, पेटली, तर? कुणाच्या तरी मांडीवर पेटली असती.”

“मला सांगितलं का नाही?”

आता बाबांनी भिंग काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. “त्यात सांगायचं काय? चाळीस वर्षं हेच करतोय. आणि चिठ्ठी ठेवली होती ना मी आत.”

“चिठ्ठी?”

“ज्याच्याकडे पाठवायचं त्याला कळायला नको? लिहिलं, बॅटरी फुगल्यामुळे काढून सुरक्षित ठेवली आहे, हवी असल्यास कळवावे. खाली सही, तारीख, फोन नंबर.” त्यांनी भिंग पुसलं. “कुणी कळवलं नाही. मला वाटलं, नको असेल.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात पदराला पुसत. “घ्या! पोरगी तीन आठवडे कंपनीशी भांडतेय आणि चोर घरात टेबलावर.”

“चोर काय म्हणतेस? मी काय विकली ती?”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, विमा कशाला. सुताराच्या घरात खुर्चीला विमा! ह्यांनी स्वतः काच बदलली असती तर एवढ्या पैशांत तीन फोन...”

“आई, थांब जरा,” ती म्हणाली. “विमा मी काढला. राहू दे.”

ती दमली होती. राग यायला ताकद लागते, आणि ती ताकद तिने जिन्यात, धून ऐकता ऐकता संपवली होती. शिवाय राग कुणावर? बाबा बरोबर होते. फुगलेली बॅटरी पाठवू नये, हे तिलाही ठाऊक होतं. फक्त ज्याच्याकडे खोकं जाणार तिथेही आपल्यासारखाच एक माणूस टेबलापाशी बसला असेल, तो चिठ्ठी वाचेल, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

“किती कमी भरलं?” बाबांनी थोड्या वेळाने विचारलं.

“एक्केचाळीस ग्रॅम.”

“चिठ्ठीचं वजन धरलंस?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. “नाही. ती असेल एक ग्रॅमची. काट्याच्या दोन ग्रॅमच्या फरकात जाते ती, हिशेबात येत नाही.”

“तेच झालं ना तिचं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

मग तिने परतीच्या खोक्यासोबतचा सूचनांचा कागद काढला, तो बारीक अक्षरांचा, जो घरात कुणीच वाचला नव्हता. बाबांनीही नाही, बॅटरीचं काय करायचं हे त्यांना कागदाने शिकवायची गरज नव्हती. बाराव्या कलमात लिहिलं होतं: बॅटरी फुगलेली किंवा गळकी असल्यास उपकरण पाठवू नये. कळवल्यास विशेष खोके पाठवण्यात येईल. तिने ते दोनदा वाचलं. बाबांची अर्धी कृती नियमात होती, अर्धी नियमाबाहेर.

गुरुवारी ती तासभर लवकर सुटली. घरी येऊन बाबांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर फोन ठेवला, स्पीकर चालू केला, आणि धून वाजू लागली. बाबा ऐकत राहिले. तिसऱ्या फेरीला म्हणाले, “डावीकडचा आवाज फाटतोय. त्यांच्याकडेच बिघाड आहे.”

अकराव्या फेरीला एक माणूस बोलला. आवाज घोगरा, दिवसभर बोलून बसलेला. तक्रारीचा क्रमांक त्याने तिच्या आधीच वाचून दाखवला.

“मॅडम, हे बघा, उद्या आपली लाइन जाईल. मी सरळ सांगतो. गोदामाचा शेरा आहे, बॅटरी नाही. आपण ‘सर्व भागांसह’ लिहिलंय. दोन्ही खरं धरायचं तर एकच वाट उरते, वाहतुकीत गहाळ. तसं टाकू का? टाकलं की आकार आत्ता, या क्षणी रद्द होतो. कुरिअरकडून वसुली आम्ही करतो, आपल्याला काही करायचं नाही.”

दारात आई उभी होती. तिने दोन्ही हात असे हलवले की टाक म्हण, टाक म्हण. बाबांच्या हातातलं बारीक पेचकस थांबलं.

आत्ता, या क्षणी. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी हे शब्द उच्चारले होते. तिला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं, गप्प राहिली असती तरी चाललं असतं. बाबांचा नंबर वाचला असता, अर्धा पगार वाचला असता, आणि आज ती वेळेवर झोपली असती. आणि पावतीवर सही कुणाची, हे कंपनीने शोधून काढलं असतं. चष्मेवाल्याच्या वहीतलं वजन त्याच्या बाजूने बोललं असतं, पण त्या वजनाचा अर्थ सांगणारा रिकाम्या खोक्याचा आकडा फक्त तिच्याकडे होता. तो तिने दिला नसता तर वही नुसती वही होती.

“मॅडम? टाकू?”

“नको,” ती म्हणाली. “वाहतुकीत गेलेली नाही. बॅटरी आमच्याकडे आहे.”

आईने कपाळावर हात मारला, पण आवाज न करता.

तिने सांगितलं. फुगलेली बॅटरी, वाळूचा डबा, बारावं कलम, एक्केचाळीस ग्रॅम. “आणि आत चिठ्ठी होती. तुमच्या गोदामात खोकं उघडताना फोटो काढत असतील तर दिसेल.”

कळफलक वाजला. मग तो माणूस म्हणाला, “फोटो आहे. थांबा, मोठा करतो.” आणि त्याने वाचायला सुरुवात केली, एकेक शब्द, घोगऱ्या आवाजात, “‘सप्रेम नमस्कार. बॅटरी फुगल्यामुळे...’” शेवटपर्यंत वाचलं. नंबरसुद्धा वाचला. “अक्षर फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “कुणाचं?”

“माझं,” बाबा पुढे झुकून म्हणाले.

“काका, एक विचारू? न उघडता कसं कळलं तुम्हाला, फुगली म्हणून?”

“टेबलावर ठेवून गिरकी द्या. सपाट असेल तर अडतो, फुगली असेल तर फिरत राहतो.”

पलीकडून लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

“फिरतोय,” तो माणूस हळूच म्हणाला.

“बंद करा आधी. चार्जरला लावू नका. खिशात नको, उशीखाली तर अजिबात नको,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलतानाची धार आली होती. “दाबून सपाट करायला जाऊ नका, लोक करतात तो शहाणपणा. वाळू मिळाली तर वाळूत ठेवा. आणि दुकानात दाखवा, स्वतः उघडू नका. मी उघडतो ते माझं पोट त्यावर आहे म्हणून.”

“बरं काका.” तो खाकरला. त्याचा आवाज पुन्हा कामाचा झाला. “मॅडम, आता असं आहे. धोकादायक भागाची वेगळी तक्रार नोंदवता येते. ती नोंदवली की आकार स्थगित होतो, एकवीस दिवस. लाइन जात नाही. विशेष खोकं येईल, कामाचे दहा दिवस धरा. बॅटरी त्यात पाठवायची, मिळाली की आकार रद्द. पण आधीची तक्रार मागे घ्यावी लागेल. कारण म्हणून ‘ग्राहकाने खोटी माहिती दिली’ असं पडेल.”

“खोटी नव्हती. चुकीची होती.”

“माहितीय. इथे रकाना एकच आहे.”

तिने बाबांकडे पाहिलं. ते पेचकस पुसत होते, पुसलेलंच पुन्हा.

“टाका,” ती म्हणाली.

नवा क्रमांक अकरा आकडी होता. तो तिने जुन्या क्रमांकाच्या खाली लिहिला आणि एकदा वाचून खात्री करून घेतली. त्या माणसाने ठरलेले निरोपाचे शब्द म्हटले. मग जरा थांबून म्हणाला, “आता एक प्रश्न येईल मशीनचा. उत्तर दिलंत तर बरं. आमचं त्यावर चालतं.”

“आता झालं का?” आईने विचारलं.

“नाही. खोकं येईल आधी.”

“परत खोकं!” आई आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

फोनमधून रेकॉर्ड केलेला बायकी आवाज बोलू लागला. आपली समस्या सुटली आहे का? हो असल्यास एक दाबा, नाही असल्यास दोन. ती आकड्यांकडे बघत राहिली. समस्या सुटली नव्हती. एकवीस दिवसांतले कामाचे दहा खोक्यात जाणार होते, उरलेले कदाचित पुन्हा त्या धुनीत, आणि तिच्या नावापुढे ‘खोटी माहिती’ हे कुठेतरी कायमचं लिहिलं गेलं होतं. प्रश्न दुसऱ्यांदा विचारला गेला.

“दाब काहीतरी,” बाबा म्हणाले. “ताटकळलीय ती.”

तिने एक दाबला.